कथा सांगणारा कोण? 'मी', 'आम्ही' आणि 'आपण'

आठवीच्या मराठीच्या तासाला आम्ही काही वर्षांपासून एक प्रयोग करीत आलो आहोत. प्रसंग साधा आहे. इतवारीच्या धान्यबाजारात तांदळाचे एक पोते फाटते आणि दाणे रस्त्यावर सांडतात. हीच घटना एका मुलाने व्यापाऱ्याच्या तोंडून सांगायची, दुसऱ्याने हमालाच्या आणि तिसऱ्याने सांडलेले दाणे वेचणाऱ्या बाईच्या. व्यापाऱ्याच्या कथेत पोते फाटणे हे नुकसान असते, हमालाच्या कथेत ती भीती असते, आणि दाणे वेचणाऱ्या बाईच्या कथेत तो दिवस बरा उगवलेला असतो. तांदूळ तितकाच सांडतो, कथा मात्र तीन होतात.

एका वर्षी, ज्याचे वडील बाजारात पोती वाहतात अशा एका विद्यार्थ्याच्या वाट्याला व्यापारी आला. त्याने कथा उत्तम लिहिली. तीत दुकानाला नाव होते, मुनिमाला नाव होते, तांदळाच्या वाणालासुद्धा नाव होते. हमाल मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'तो' होता. आम्ही विचारले तेव्हा मुलगा चपापला. ते त्याने ठरवून केले नव्हते. व्यापाऱ्याच्या गादीवर बसून पाहू लागताच त्याला हमालाचे नाव दिसेनासे झाले, इतकेच.

निवेदन म्हणजे काय, हे त्या दिवशी वर्गाला जितके समजले तितके ते व्याख्येने समजले नसते. प्रथमपुरुषी निवेदक, तृतीयपुरुषी निवेदक, सर्वज्ञ निवेदक ही नावे परीक्षेपुरती ठीक आहेत. खरा प्रश्न असा की कथा कोणाच्या जागेवरून पाहिली जाते आणि त्या जागेवरून कोण दिसत नाही. आपल्या समाजाने या प्रश्नाची उत्तरे पुस्तके लिहून दिली आहेत, म्हणून त्यांच्याकडे वळू.

दया पवार यांचे 'बलुतं' 1978 साली प्रसिद्ध झाले. लेखकाचे मूळ नाव दगडू मारुती पवार. पुस्तकाच्या आरंभी हा दगडू आणि शहरातला शिकलेला दया पवार एकमेकांसमोर येतात. दगडू सांगतो, दया ऐकतो. एकच माणूस दोन ठिकाणी का बसवला असेल? आम्हांस असे वाटते की सरळ 'मी' म्हणणे येथे शक्यच नव्हते. गावकीचे बलुते मागणारे घर आणि ग्रंथ लिहिणारा हात यांमधले अंतर एका 'मी'त मावत नव्हते. वसतिगृहातून शिकून शहरात स्थिरावलेल्या आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांना हे अंतर समजावून सांगावे लागणार नाही. सुटीत घरी गेल्यावर आपल्याच तोंडची भाषा बदलते, हे त्यांनी अनुभवले आहे.

आपल्या नागपूरच्या कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' (1981) मध्ये वेगळी युक्ती वापरली. संस्कृत शिकलेल्या दलित स्त्रीकडे लोक कसे पाहतात, हे त्या लोकांच्याच नजरेतून दाखवतात आणि त्या नजरेवरची आपली टिप्पणी अगदी थंड स्वरात करतात. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले आणि मग नोकरी मिळाली. तेव्हा हे श्रेय माहेरच्या आडनावाच्या कुमुदचे नसून सासरच्या आडनावाच्या कुमुदचे आहे, असे त्या नोंदवतात. एका स्त्रीच्या दोन नावांकडे जग कोणत्या दोन डोळ्यांनी पाहते, हे एवढ्यावरून कळते.

परंतु या लेखात आम्हांस विशेष थांबायचे आहे ते बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'पाशी. हे लेखन आधी 'स्त्री' मासिकातून आले आणि 1986 मध्ये ग्रंथरूप झाले. फलटणला दुकानात बसून, घरच्यांपासून कागद लपवून त्यांनी ते लिहिले होते. मागासवर्गीय मुलांसाठी निंबुरे येथे निवासी शाळा काढणाऱ्या या बाईंविषयी आमच्यासारख्या संस्थेला आपलेपणा वाटावा, हे स्वाभाविकच आहे.

शीर्षकातला 'आमुचं' हा शब्द पाहावा. मराठीला बहुवचनी 'मी' दोन आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. इंग्रजीत या दोहोंना एकच शब्द आहे, म्हणून अनुवादात हा भेद टिकत नाही. बेबीताईंनी 'आपुलं' लिहिले नाही. हे जिणे आमचे आहे, वाचणाऱ्या, तू ते जगलेला नाहीस, असा इशारा त्या एका शब्दात आहे. आणि त्याच वेळी हे एकट्या बेबीचे जिणे नव्हे, महारवाड्यातल्या सगळ्या बायकांचे आहे, हेही त्यात आहे. सासुरवास, बाळंतपण, उपास, आषाढातले देवदेव, आणि मग बाबासाहेबांच्या शब्दांनी वाड्यात झालेली खळबळ हे सारे त्या 'आम्ही'ने सांगतात.

या 'आम्ही'ने काही झाकलेही. पुढे, इंग्रजी अनुवादक माया पंडित यांच्याशी झालेल्या मुलाखतीत बेबीताईंनी स्वतःच्या संसारातल्या मारहाणीविषयी सांगितले. पुस्तकात इतर बायकांच्या यातना सविस्तर आहेत. लेखिकेची स्वतःची मात्र जवळजवळ नाही. समाजाचे दुःख मोठे, त्यापुढे माझे काय सांगायचे, अशी त्यांची भूमिका होती. त्या भूमिकेचा आदर ठेवूनही आम्हांस वाटते की येथे 'आम्ही'ने 'मी'कडून मोठी किंमत वसूल केली. चळवळीत वाढलेल्या आमच्या पिढीने हा शब्द फार अभिमानाने वापरला. तो कोणाला गप्प करतो, हे पाहायला आम्ही उशीर केला.

वसंत मून यांच्या 'वस्ती'त (1995) तोल वेगळा आहे. सांगणारा 'मी' आहे, पण नायकपण नागपूरच्या महारपुऱ्याकडे आहे. शेजारीपाजारी, पहिलवान, समता सैनिक दलाचे तरुण पुढे येतात आणि लेखक त्यांच्या मागे उभा राहून पाहतो. गेल ऑम्व्हेट यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकातून मात्र वस्ती नाहीशी झाली. तेथे भारतात अस्पृश्य म्हणून वाढणारा एक माणूस आला. आतला मजकूर तोच असला तरी, मुखपृष्ठावरच दृष्टिकोन बदलला.

आता थोडे मागे, आपल्या परंपरेत जाऊ. पाली जातककथांची बांधणी ठरलेली आहे. आधी वर्तमानातला प्रसंग, मग अतीतवत्थु म्हणजे पूर्वीची कथा, आणि अखेरीस समोधान. समोधानात तथागत सांगतात, त्या वेळचा अमुक तो आनंद, अमुक तो देवदत्त, आणि तो हत्ती किंवा हरीण किंवा व्यापारी म्हणजे मीच. तोवर 'तो' म्हणून चाललेली कथा क्षणात 'मी'ची होते, आणि समोर बसलेल्या भिक्खूंना कळते की त्या कथेत आपणही होतो. मराठीतल्या 'आपण' या शब्दाचा इतका नेमका वापर आम्हांस दुसरीकडे दिसला नाही, जरी भाषा पाली असली तरी. मुलांसाठी छापल्या जाणाऱ्या जातककथांत बहुधा हेच समोधान गाळून तेथे 'तात्पर्य' लावलेले असते. आम्हीही वर्षानुवर्षे विहारात तशाच सांगितल्या. तात्पर्याने ऐकणारा शहाणा होत असेल, पण तो कथेच्या बाहेरच राहतो.

हे सारे लिहिण्याचे निमित्त या स्मरणिकेनेच दिले. माजी विद्यार्थ्यांकडून आलेले बहुतेक लेख 'आम्ही'त होते. आम्ही घडलो, आम्हांला संस्कार मिळाले, आमचे सोनेरी दिवस. एक लेख तेवढा 'मी'त होता. पहिल्या दिवशी मुलगा जेवायला बसलेला असताना वडील न सांगता गावी निघून गेले. मुलगा अंधार पडेपर्यंत फाटकाशी उभा राहिला. मग वॉर्डनांनी त्याला हात धरून आत नेले. त्यापुढे त्याने काही लिहिले नव्हते.

संपादक मंडळात चर्चा झाली. गौरवाच्या अंकात हे शोभेल का, असे एकाने विचारले. दुसऱ्याने सुचवले की 'सुरुवातीला आमच्यापैकी काहींना घराची आठवण येत असे' असे करावे. आम्ही ते वाक्य लिहून पाहिले. त्यात वडील नव्हते, फाटक नव्हते, अंधारही नव्हता. लेख जसा आला तसा छापला आहे.

त्या संध्याकाळी त्याला आत नेणारे वॉर्डन आज आमच्या मंडळात आहेत. बैठकीत त्यांनी तो लेख दोनदा वाचला. त्यांना तो मुलगा आठवला नाही.