रात्रीचा श्वास

दिवसभर राबलेल्या माणसाला निद्रा म्हणजे विसावा होय. परंतु ज्यांची फुप्फुसे जुन्या विकाराने जर्जर झालेली असतात, त्यांच्या शरीराला निद्रेतही झगडावे लागते. वर्षानुवर्षे विडीच्या किंवा चुलीच्या धुरात काढलेली माणसे या विकाराला बहुधा बळी पडतात. त्यांच्या श्वासनलिका अरुंद होतात, आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही आणि फुगलेल्या फुप्फुसांखाली श्वासपटल सपाट होऊन दुबळे बनते.

झोप लागली की प्रत्येकाचाच श्वास किंचित उथळ होतो. निरोगी माणसाला त्याची बाधा होत नाही. १९५३ साली शिकागो येथील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन या शास्त्रज्ञांनी निद्रेची एक निराळी अवस्था वर्णिली. तीत मिटल्या पापण्यांआड डोळे जलद फिरत असतात. त्या वेळी अंगातील बहुतेक स्नायू शिथिल पडतात आणि श्वासाचा जवळजवळ सारा भार एकट्या श्वासपटलावर येतो. रुग्ण जागेपणी मानेच्या व बरगड्यांच्या स्नायूंचा आधार घेत असतो. तोच आधार आता सुटतो. मग रक्तातील प्राणवायू घटतो, फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाच्या उजव्या भागावर ताण पडतो.

यावर उपाय आहे काय? ब्रिटनमधील वैद्यकांनी असे ८७ रुग्ण निवडले, की ज्यांच्या रक्तात दिवसाही प्राणवायू कमी असे. त्यांपैकी ४२ जणांना घरीच रोज निदान १५ तास, रात्र धरून, प्राणवायू देण्यात आला. ४५ जणांना तो दिला नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातील १९, तर दुसऱ्या गटातील ३० रुग्ण दगावले. हा निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाला.

तथापि प्राणवायू हेही औषधच होय. तो प्रमाणाबाहेर दिल्यास काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून त्याची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. त्याच्याजवळ विडी किंवा दिवा कदापि नसावा. झोपेच्या गोळ्या व मद्य श्वास मंदावतात. त्यांपासून अशा रुग्णाने दूरच राहावे.

घरातील वृद्ध सकाळी जड डोक्याने उठतात, दिवसा पेंगतात, त्यांच्या पायांवर सूज येते. हे सारे वयोमानाचे म्हणून सोडून देऊ नये. रात्रीच्या श्वासाचे दुःख रुग्णाला स्वतःला ठाऊक नसते; ते जवळच्या जागत्या माणसानेच ओळखावे लागते.