स्मृती शाबूत असतानाच करावयाची तयारी

अलझायमर या विकाराला ज्यांचे नाव मिळाले, त्या आलोइस अलझायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली आपल्या एका स्त्रीरुग्णाच्या मेंदूत आढळलेले बदल प्रथम मांडले. हा विकार पायरीपायरीने वाढतो. आरंभी नुकत्याच घडलेल्या गोष्टी विसरल्या जातात, पुढे स्थळकाळाचे भान सुटते आणि निर्णयशक्तीही क्षीण होत जाते. त्यामुळे कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात : आईवडील वाट चुकले तर काय, आणि त्यांचे व्यवहार कोणी पाहावयाचे. दोहोंची तयारी आरंभीच करावी लागते.

रुग्णाचे घराबाहेर पडणे सहसा निर्हेतुक नसते. निवृत्त होऊन वीस वर्षे झालेले वडील सकाळी कचेरीला निघतात. आई तिन्हीसांजेला 'मला घरी जायचे आहे' म्हणते, तेव्हा तिच्या मनात माहेरचे घर असते. अशा वेळी वाद घालू नये. चार पावले बरोबर चालावे आणि बोलता बोलता परत फिरावे. कोणत्या वेळी ही अस्वस्थता वाढते, त्यामागे तहान, वेदना किंवा शौचाची निकड आहे काय, हे पाहावे. रोज ठरलेल्या वेळी फिरावयास नेल्याने पुष्कळदा ती कमी होते. दाराला घंटी बांधावी, कडी सहज नजरेस पडणार नाही अशी बसवावी. परंतु रुग्णाला एकटे कोंडून कधीही जाऊ नये. आग लागल्यास तेच घर सापळा ठरते. कपड्यावर नाव व दूरध्वनी क्रमांक शिवावा, अलीकडचे छायाचित्र हाताशी ठेवावे आणि शेजारी, पहारेकरी, वाणी यांना कल्पना द्यावी. रुग्ण हरवल्यास जवळपासचा परिसर व जुन्या ओळखीच्या जागा शोधाव्यात आणि त्याच वेळी ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. तक्रारीसाठी चोवीस तास थांबावे लागते, ही समजूत चुकीची आहे.

कायद्याच्या बाबतीत विलंब अधिक महाग पडतो. अनेकांना वाटते की मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे झाले. परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज नाहीशी झाली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. गरज सर्वांत मोठी असते तेव्हाच हा आधार सुटतो. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्याने तो रद्द झाला. नव्या कायद्यात मानसिक उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतात व प्रतिनिधी नेमता येतो, मालमत्तेची व्यवस्था मात्र त्यात नाही. त्यामुळे अनेक कुटुंबांना पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते.

केवळ निदान झाले म्हणून मृत्युपत्र करण्याचा हक्क जात नाही. आपण काय करीत आहोत हे समजत असेल, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ते करता येते. दोन साक्षीदार आवश्यक असतात. त्याच दिवशीचा वैद्यकीय दाखला पुढील वाद टाळण्यास उपयोगी पडतो.

म्हणून निदान होताच आईवडिलांशी बसून बोलावे. त्यांची इच्छा त्यांच्याच तोंडून ऐकावी आणि वकिलाच्या सल्ल्याने लिहून घ्यावी. समज हरपल्यावर घेतलेली सही न्यायालयात टिकणे कठीण असते. शिवाय ती त्यांची इच्छाही नसते.