रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे ऍलर्जीच का?



जूनमध्ये बालवाडीत नवी मुलं येतात तेव्हा एखादी आई हमखास सांगते, "बाई, ह्याला शेंगदाणा देऊ नका हं, रिपोर्टमध्ये ऍलर्जी आलीय." सातारा-सांगलीकडे ही गोष्ट साधी नाही. भाजीत कूट, भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी, सांगलीच्या भडंगातही शेंगदाणे! शेंगदाणा बंद म्हणजे निम्मा डबा बंद. म्हणून आधी एक फरक नीट समजून घेऊ.

संवेदनशीलता वेगळी, ऍलर्जी वेगळी

शरीराची प्रतिकारशक्ती कधी कधी साध्या पदार्थालाही शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही झाली संवेदनशीलता. त्वचेवरची किंवा रक्ताची तपासणी एवढंच दाखवते. पदार्थ खाल्ल्यावर मुलाला खरोखर त्रास होतो तेव्हाच ती ऍलर्जी. हा त्रास बहुतेक वेळा काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत दिसतो : अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी, खोकला, धाप.

रिपोर्ट पॉझिटिव्ह असूनही तोच पदार्थ मजेत खाणारी मुलं असतात. अशा वेळी नुसत्या कागदावरून दूध, अंडं, शेंगदाणा बंद केला तर वाढीच्या वयात मुलाचं पोषणच कमी पडतं. बंद करायचं की नाही, हे मुलाला काय झालं ते ऐकून डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

उगाच टाळल्याने काय होतं?

२०१५ साली लंडनमधल्या 'लीप' अभ्यासाचे निष्कर्ष आले. तीव्र इसब किंवा अंड्याची ऍलर्जी असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं त्यात होती. ज्यांना शेंगदाणा टाळायला सांगितलं, त्यांच्यापैकी सुमारे १७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ऍलर्जी होती. नियमित खाणाऱ्यांमध्ये ती फक्त ३ टक्के निघाली. मात्र इसब असलेल्या बाळाला सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा. आणि लहानग्यांना अख्खा दाणा कधीच नको, तो घशात अडकतो. बारीक कूट पातळ करून द्यावं.

फुलं आणि परागकण

परागकणांचंही तसंच. मूल शिंकलं की आपण कासच्या फुलांवर खापर फोडतो. पण कीटकांना बोलावणाऱ्या रंगीत फुलांचे परागकण चिकट आणि जड असतात, ते फारसे उडत नाहीत. उडतात ते वाऱ्यावर परागीभवन होणाऱ्या गवतांचे. पाऊस सरताना बांधावरचं गवत फुलतं, तेव्हा काही मुलांच्या शिंका आणि डोळ्यांची खाज वाढते. दरवर्षी त्याच दिवसांत त्रास होत असेल तर ती खरी खूण.

गाजर गवत मात्र वेगळं. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं हे परदेशी तण त्वचेलाही त्रास देतं. श्रमदानात मुलांना ते उपटायला लावू नका. मोठ्यांनी हातमोजे घालून, फुलं येण्याआधी काढावं.

शाळेत आणि घरी काय कराल?

१. एक वही ठेवा : काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, काय दिसलं. डॉक्टरांना रिपोर्टाइतकीच ही वही उपयोगी पडते.

२. पाकिटावर 'ऍलर्जी'ची सूचना वाचा. दूध, अंडं, शेंगदाणा, गहू, सोया असल्यास ते लिहिणं कंपनीला बंधनकारक आहे.

३. ज्याला खरी ऍलर्जी आहे, त्याचं नाव, पदार्थ आणि पालकांचा फोन नंबर वर्गात आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे लिहून ठेवा. "थोडंसं खाल्लं तर काय होतंय" असं कुणीही म्हणू नये.

४. श्वास अडखळला, आवाज बसला किंवा मूल मलूल झालं तर थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा. मुलाला चालवू नका, आडवं ठेवा. धाप लागली असेल तर बसवा. यावरचं पहिलं औषध ऍड्रेनलिनचं इंजेक्शन, ते मांडीत देतात. नुसत्या खाजेच्या गोळीवर विसंबू नका.

वर्गासाठी उपक्रम

डबा वाटून खाणं ही आपली चांगली सवय आहे. ती मोडू नका, तिला एक प्रश्न जोडा. दुसऱ्याला घास देण्याआधी प्रत्येक मुलानं विचारायचं, "तुला हे चालतं ना?" आठवडाभर सराव घ्या. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.