औदुंबरची प्रतिज्ञा

पन्हाळा तालुक्यात कोडोली नावाचे गाव आहे. तेथील एका शाळेत सातवीच्या वर्गात एक मुलगा शिकत होता. एकदा शाळेत आलेल्या पाहुण्यांचे व्यायामावरील भाषण ऐकून त्यास स्फुरण चढले. त्याच रात्री त्याने भिंतीवर कागद चिकटवला : 'पहाटे चारला उठणे. शंभर सूर्यनमस्कार घालणे. गोड पदार्थ वर्ज्य.' दुसऱ्या दिवशी तो मित्रांना तुच्छ लेखू लागला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यास जागच आली नाही. आणि त्याच दुपारी आईच्या हातच्या पुरणपोळ्यांनी उरलासुरला निश्चयही मोडला. वर्गात त्याची चेष्टा सुरू झाली. तो रडवेला झाला.

गुरुजींनी त्याला जवळ बसवले आणि म्हटले, "बाळ, अशी फजिती झालेला तू पहिला नव्हेस. तुझा एक थोरला भाऊ आपल्या कोल्हापुरातच होऊन गेला. त्याचे नाव औदुंबर."

मुले कान टवकारून ऐकू लागली.

"मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ साली कोल्हापुरात 'हंस पिक्चर्स' ही संस्था स्थापन केली. १९३८ साली या संस्थेने 'ब्रह्मचारी' हा विनोदी बोलपट काढला. त्याची कथा आचार्य अत्रे यांची. दिग्दर्शन विनायकांचे आणि औदुंबरची भूमिकाही त्यांचीच.

"औदुंबर हा एक सामान्य तरुण. सिनेमातील तारकांची चित्रे जमवण्याचा त्याला भारी नाद. एकदा ब्रह्मचर्य आणि देशसेवा यांवरील व्याख्यान त्याच्या कानी पडते, आणि तो भारावून जातो. ती सारी चित्रे तो फेकून देतो, ब्रह्मचारी राहण्याचा निश्चय करतो व एका आचार्यांच्या संस्थेत दाखल होतो. पुढे किशोरी नावाची तरुणी त्याला भेटते, आणि निश्चयाचा तो किल्ला पाहता पाहता ढासळतो. किशोरीची भूमिका मीनाक्षी यांनी केली होती."

"मग गुरुजी, प्रतिज्ञा करणे वाईट का?" मुलाने विचारले.

"मुळीच नाही. आपण औदुंबरच्या ध्येयाला हसत नाही. त्याच्या भ्रमाला हसतो. दुसऱ्याचे शब्द ऐकले, की ते बळ आपलेच झाले, असे त्याला वाटले. चित्रे फेकली, की मनही पालटले, असे त्याने मानले. जो दुसऱ्यास फसवतो, त्याला लोक पकडतात. पण जो स्वतःलाच फसवतो, त्याला कोण पकडणार? ते काम विनोद करतो.

"आता बोलपट काढणाऱ्यांकडे पाहा. आपली स्वतःची चित्रसंस्था असावी, हेही स्वप्नच होते. परंतु त्या तिघांच्या हाती कसब होते. कोणी अभिनयात मुरलेला, तर कोणी कॅमेऱ्यात निष्णात. त्यांच्या स्वप्नाखाली कष्टांचा पाया होता."

मग गुरुजी वर्गाकडे वळून म्हणाले, "मुलांनो, हसा, पण हसताना आपापल्या भिंतीवरचा कागदही आठवा."

साऱ्यांच्या माना खाली गेल्या.

त्या रात्री मुलाने नवा कागद घेतला. त्यावर एकच ओळ लिहिली : 'उद्या सकाळी दहा सूर्यनमस्कार.' या वेळी मात्र त्याने तो भिंतीवर लावला नाही. घडी घालून वहीत ठेवला.

स्वाध्याय

१. औदुंबरचा निश्चय का टिकला नाही?
२. स्वप्न आणि भ्रम यांतील फरक पाठाच्या आधारे सांगा.
३. मुलाने दुसरा कागद भिंतीवर का लावला नसेल?
४. वाक्यांत उपयोग करा : स्फुरण चढणे, तुच्छ लेखणे, कान टवकारणे.