म्यानातलं लोहचुंबक

घरी केलेल्या म्यानात सुरी घट्ट राहावी म्हणून आत लोहचुंबक बसवायची टूम आमच्या पेडण्याच्या बाजूला आता चांगलीच रुळली आहे. जुन्या स्पीकरमधलं काळं कडं, कपाटाच्या दाराची पकड, बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधला चकचकीत तुकडा, जे हाती लागेल ते चामड्याच्या दोन थरांत चिकटवायचं आणि झालं! म्यानं करून देणं हा माझा फावल्या वेळचा उद्योग. त्यामुळे फसलेली म्यानंही माझ्याकडेच येतात. ती उसवून बघता बघता माझं मत पक्कं झालं आहे. चुंबकाच्या भरवशावर पातं कमरेला लावू नये.

कोरगावचा माझा मेहुणा काजूच्या मळ्यातून परत येत होता. गडगा ओलांडायला तो वाकला, म्यान उलटं झालं आणि मुठीच्या वजनाने सुरी घसरून थेट पोटरीवर आली. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्यावं लागलं. म्यान माझ्यापुढे टाकत तो म्हणाला, "भाऊजी, चुंबक तर अजून तसंच ओढतंय!" किल्ली लावून दाखवली, ती खटकन चिकटली. त्याचं म्हणणं बरोबर होतं, चुंबकात काहीच बिघाड नव्हता.

गोम वेगळीच आहे. फ्रिजवरचं चुंबक सरळ ओढून काढायला नख लावावं लागतं, पण तेच बोटाने खाली सरकवलं तर सहज सरकतं. चुंबक पात्याला आपल्याकडे ओढतं. बाजूला सरकताना त्याला अडवतं ते फक्त घर्षण आणि ते घर्षण बहुतेक वेळा त्या ओढीच्या पाचव्या हिश्शाएवढंच भरतं. दुकानदार जो किलोचा आकडा सांगतो, तो जाड सपाट लोखंडावरून चुंबक सरळ उपटण्याचा असतो. इथे पातं पातळ, त्यात मध्ये चामड्याचा थर. थोडं जरी अंतर पडलं तरी ओढ झपाट्याने घटते. आणि सुरी तर म्यानातून सरकूनच बाहेर येते.

चुंबक फार दणकट घेतलं तर दुसरीच पंचाईत. सुरी आधी हलत नाही, मग हिसका दिला की एकदम सुटते आणि हात पुढे जातो. समोर कोण उभं आहे याचा विचार तेव्हा कोण करतो?

आमच्याकडची जुनी माणसं कमरेला आकडी बांधायची. कोयता तिच्यात अडकायचा तो स्वतःच्या बाकामुळे आणि वजनामुळे. सरळ सुरीला तसा बाक नाही, म्हणून तिथे म्यानाचं तोंड नेमकं हवं. चामडं पाण्यात भिजवावं, पात्याला तेल लावून वर प्लास्टिक गुंडाळावं, चामडं त्याच्याभोवती दाबून बसवावं आणि तसंच सुकू द्यावं. शिलाईच्या आत, धारेच्या बाजूने चामड्याची एक पट्टी हवीच, नाहीतर धार टाके कापत जाते. मुठीवरून एक पट्टा घेऊन त्याला टिच बटण लावावं. रिबिट पितळी घ्यावेत. डिचोलीत पितळी समया घडतात, तिथे पितळेची वाण नाही. पितळ चुंबकाला चिकटतही नाही आणि तांबेरतही नाही. एवढं केल्यावर चुंबक लावायचंच असेल तर खडखड थांबवण्यापुरतं लावा. ते मुठीजवळ, पात्याच्या सपाट भागावर आणि धारेपेक्षा पाठीकडे असावं. धारेजवळ बसवलं तर सुरी घालताना-काढताना धार दर वेळी चामड्यावर घासते. मग सुरी बोथट होते आणि म्यान फाटतं.

पीव्हीसी पाइप गॅसवर मऊ करून, चेपून म्यान करणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी चुंबक पाइप पूर्ण गार झाल्यावरच चिकटवावं. साधं निओडिमियम चुंबक 80 अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की आपली ताकद गमावू लागतं आणि नंतर गार झालं तरी गेलेली ताकद परत येत नाही. त्याला भोक पाडायला तर जाऊच नका. ते ठिसूळ असतं आणि त्याचा भुगा पेट घेतो.

मग येतो आपला पाऊस. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. निओडिमियम चुंबकात लोखंडाचाच वाटा मोठा. वरचा निकेलचा मुलामा कुठे खरवडला की दमट हवेत ते आतून गंजतं, फुगतं, तुकडे पडतात. स्पीकरमधलं फेराइट चुंबक बोजड आणि कमी ताकदीचं, पण ते मुळात ऑक्साइडच असल्याने गंजत नाही. जागा असेल तर मी तेच वापरतो. काहीही बसवलं तरी जूनपासून सुरी म्यानात ठेवू नये, तेलाचा हात फिरवून बाहेर ठेवावी.

लहान मुलांच्या घरात सुटी चुंबकं ठेवू नका. दोन गिळली गेली तर आतड्याच्या दोन घड्यांना चिमटा बसून भोक पडू शकतं. अशा वेळी वाट न बघता मुलाला दवाखान्यात न्यायचं. पेसमेकर असलेल्या माणसाने तर असलं म्यान गळ्यात किंवा खिशात बाळगूच नये.

डिचोलीकरांना आणखी एक त्रास आहे, तो पेडण्यात कमी जाणवतो. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या, तरी मये, पाळी, साखळीच्या रस्त्याकडेची माती खनिजाचीच आहे. तिच्यातला बराचसा लाल भाग चुंबकाला दाद देत नाही, पण मॅग्नेटाइटचे काळे कण म्यानात शिरून चुंबकाभोवती दाट बसतात आणि पात्यावर ओरखडे काढतात. शिवाय ट्रकच्या पाट्यापासून केलेला कोयता किंवा सुरी चुंबकाजवळ राहून स्वतःच चुंबक बनते. मग सहाणेवर निघालेला कीस धारेलाच चिकटतो. धार लावताना मधूनमधून तेलाच्या फडक्याने पुसत राहावं, पाठीकडून धारेकडे. म्यानातले कण फुंकरीने निघत नाहीत, धुतल्यानेही फारसे निघत नाहीत. चिकटपट्टी उलटी करून बांबूच्या कामटीला गुंडाळावी, आत घालून दाबून फिरवावी आणि काळी झाली की बदलावी.