रिपोर्ट नॉर्मल, मग आईचा दंड का जळतो?

माझ्या आईच्या उजव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. टाके सुकले, पुढचे उपचार झाले, घरच्यांना हायसं वाटलं. चार महिन्यांनी आई म्हणाली, "पोरी, काखेपासून दंडापर्यंत मिरची चोळल्यागत आग होते गं. पोलक्याची बाही लागली तरी करंट बसतो."

जखम पाहिली, स्वच्छ होती. सोनोग्राफी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले, "मावशी, गाठ गेली ना? मग आता कशाला रडता?" आणि मी, पंधरा वर्षं वॉर्डात काढलेली नर्स, मीही म्हणाले, "आई, मनातून काढून टाक." त्यानंतर आई दुखतं असं एकदाही बोलली नाही. फक्त लग्नकार्याला जाणं तिनं सोडलं. घरात ती भावाचा ढगळ सदरा घालून बसायची. मला कळायला आणखी दोन महिने गेले.

काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला एक बारीक मज्जातंतू जातो. आपण त्यालाही नसच म्हणतो, पण ही रक्ताची नस नव्हे, स्पर्श कळवणारी. काखेतल्या गाठी काढताना ती ताणली जाते, कधी कापावीच लागते. दर वेळी ती डॉक्टरांची चूक नसते. तुटलेली नस दिवसाला साधारण 1 मिलीमीटर अशा सावकाश गतीनं वाढते, आणि उघड्या वायरीतून ठिणग्या उडाव्यात तसे खोटे निरोप मेंदूला पाठवते. म्हणून एकाच जागी बधिरपणाही असतो आणि आगही. हर्नियाच्या ऑपरेशननंतर जांघेत किंवा सिझेरियनच्या टाक्यांजवळही असं होतं.

इतकी बारीक नस सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ तपासलेल्या जागी पू किंवा नवी गाठ दिसली नाही, एवढाच. दुखणं खोटं आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ऑपरेशननंतर 3 महिने उलटूनही दुखत असेल तर त्याला वैद्यकशास्त्रात वेगळं नाव आहे, उपचारही आहेत. डॉक्टर ते ओळखतात विचारून, आणि कापसानं, टाचणीनं हलकं स्पर्शून.

आईवडील आपल्यापुढे दुखणं लपवतात. पोरांचा खाडा होईल, पैसा जाईल, हे त्यांच्या डोक्यात असतं. त्यात जागा छातीची किंवा जांघेची असली की मुलाला सांगायची लाज. म्हणून "दुखतंय का?" एवढंच विचारू नका. झोप लागते का, कोणतं काम सोडलं, कपडा सहन होतो का, असं विचारा. नातवाच्या वहीत रोज 0 ते 10 मधला आकडा लिहून ठेवा. आईची वही पाहिल्यावर पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून ऐकलं. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत भूलतज्ज्ञ अशी ओपीडी चालवतात, तिथं चौकशी करा. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद सोबत न्या. कागद हरवले असतील तर दवाखान्याकडे लेखी अर्ज द्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार 72 तासांत कागद द्यावे लागतात.

मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणून रोज देऊ नका. नसेच्या आगीवर ती फारशी चालत नाही. पोटात अल्सर होतो, किडनीवर ताण येतो तो वेगळाच. डॉक्टर बहुधा अमिट्रिप्टिलिन, गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिन कमी डोसपासून सुरू करतात. अमिट्रिप्टिलिन नैराश्यावरही देतात. कुणीतरी तसं सांगितल्यावर आई भडकली, "मला काय वेड लागलंय?" हीच गोळी नसेचे निरोप शांत करते, हे आधीच समजावून सांगा. गुण यायला काही आठवडे लागतात. किडनीचा, हृदयाचा, काचबिंदूचा त्रास असेल, किंवा टॅमॉक्सिफेन चालू असेल तर गोळी लिहून देण्याआधीच सांगा. मनानं बंद करू नका, आणि वडिलांचं दुखणं असेल तर या गोळ्यांवर दारू अजिबात नको.

या गोळ्यांनी गुंगी येते. आपल्या वस्तीत रात्री सार्वजनिक संडासाला जावं लागतं, वाटेत गटार, अंधार. सुरुवातीचे दिवस सोबत कुणीतरी जाच. आईच्या उशाशी आम्ही बॅटरी आणि वाटी ठेवली, वाजवली की वहिनी उठायची.

बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी नको, चटका कळत नाही. बामनं रगडणंही नको. जिथं स्पर्श सहन होतो तिथून सुरुवात करून, जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं दिवसातून दोन-तीनदा, एक-दोन मिनिटं अलगद चोळा. काही आठवड्यांनी टॉवेल घ्या. हात बांधून ठेवू नका. फिजिओथेरपीवाल्यांना विचारून भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम करा, नाहीतर खांदा आखडतो.

हात सुजला, लाल होऊन ताप आला, नवी गाठ लागली, हातातली ताकद गेली किंवा दुखणं अचानक वाढलं, तर वहीत लिहीत बसू नका, दवाखाना गाठा.

आईची आग पूर्ण गेलेली नाही. आकडा 8 वरून 3-4 वर आलाय. वहिनीनं उजवी बाही उसवून मऊ कापडाची पट्टी जोडली, आणि ते पोलकं घालून आई परवा भाचीच्या लग्नाला गेली.