रोमिओ-ज्युलिएटचं तात्पर्य काय?



गोष्ट संपली की आपण सवयीने विचारतो, "सांगा पाहू, तात्पर्य काय?" ससा-कासवाच्या गोष्टीला हा प्रश्न चालतो. शोकांत प्रेमकथेला विचारला की घोळ होतो. मी सातवीच्या मुलांना रोमिओ आणि ज्युलिएटची गोष्ट सांगितली. (प्रेमकथा वर्गात कशाला, असं स्टाफरूममध्ये विचारलं गेलंच. मुलं 'सैराट' घरी टीव्हीवर बघून बसली आहेत, एवढंच मी म्हटलं.) तात्पर्य विचारल्यावर पहिलं उत्तर आलं, "प्रेम करू नये." दुसरं आलं, "आईवडिलांचं ऐकावं." दोन्ही फळ्यावर लिहिली आणि पुढे काय बोलावं ते मलाच सुचेना.

दुसरं उत्तर तसं फार जुनं आहे. आर्थर ब्रुक या इंग्रज कवीने हीच कथा १५६२ मध्ये लांबलचक कवितेत लिहिली. प्रस्तावनेत त्याने बजावलं, की आईवडिलांचा सल्ला धुडकावणाऱ्यांचं असं होतं. गंमत म्हणजे प्रत्यक्ष कवितेत तो इतका कठोर राहत नाही. तीसेक वर्षांनी शेक्सपिअरने त्याच कवितेवरून नाटक लिहिलं आणि कित्येक महिन्यांची कथा चार-पाच दिवसांत बसवली. शेवटी व्हेरोनाचा राजा दोन्ही घराण्यांना दोष देतो आणि या वैराकडे आपणही डोळेझाक केली हे कबूल करतो. कथानक तेच, बोट मात्र मोठ्या माणसांकडे वळलं.

म्हणून मी प्रश्न बदलला. "हे कोणाला थांबवता आलं असतं?" आता हात भराभर वर आले. पत्र घेऊन निघालेला साधू! प्लेगच्या संशयावरून त्याला एका घरात कोंडलं गेलं, म्हणून पत्र रोमिओपर्यंत पोचलंच नाही. करोनात शाळा बंद पाहिलेल्या मुलांना हे समजवावं लागलं नाही. मग एकाने विचारलं, "सर, पण त्यांचं भांडण कशावरून होतं?" नाटकात ते कुठेच सांगितलेलं नाही. वर्ग एकदम शांत झाला. कारण माहीत नसलेल्या भांडणात पोरं मेली, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. तात्पर्य सांगतं कसं वागावं. गोष्ट मुळात कशाबद्दल आहे, ते म्हणजे तिचं सूत्र. माझ्या मते वर्गात आधी सूत्र शोधावं, तात्पर्याची घाई करू नये.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही ज्युलिएटच्या घरात थांबलो. तिला अजून चौदावं पूर्ण झालेलं नाही. हेच वडील आधी पाहुण्याला सांगतात, पोरगी लहान आहे, अजून दोन वर्षं थांबा. मग अचानक गुरुवारी लग्न ठरवून टाकतात. ती नाही म्हणते तेव्हा घराबाहेर काढायची धमकी देतात. आई पाठ फिरवते. जिने लहानपणापासून सांभाळलं ती दाईसुद्धा म्हणते, झालं गेलं विसर आणि याच्याशी लग्न कर. तिचं रोमिओशी लग्न झालंय हे दाईला ठाऊक असूनही! उरतो फक्त साधू, आणि त्याच्याकडचं औषध.

त्या दिवशी वहीत उत्तर लिहायला दिलं होतं. एका मुलीने उत्तराऐवजी प्रश्नच लिहिला : "मग तिने कोणाला सांगायचं होतं?"

तिचं नाव, गाव इथे सांगणार नाही. पण तेरा वर्षांच्या मुलीने हे का विचारलं असेल, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही. "आईवडिलांचं ऐकावं" एवढंच फळ्यावर ठेवून मी तास संपवला असता, तर ती गप्पच बसली असती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही दोघं व्हरांड्यात बोललो. वर्गाला नंतर वहीच्या शेवटच्या पानावर तीन मोठ्या माणसांची नावं लिहायला सांगितली, ज्यांना काहीही सांगता येईल अशी. खाली १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांनी लिहिला. काहींची तीन नावं होईनात. पालकहो, त्या पानावर तुमचं नाव आहे का, हे मुलांना एकदा विचारून बघा.